सोसणाऱ्या पेशी

(परळच्या एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. आधीच सांगून टाकते, मी पोटाची डॉक्टर नाही. पोटाचे डॉक्टर पेशंटला तपासतात, आत दुर्बीण घालतात, आतड्याच्या अस्तराचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढतात आणि फॉर्मलीनच्या बाटलीत घालून माझ्याकडे पाठवतात. मी पॅथॉलॉजिस्ट. तीसएक वर्षं ह्याच परळमध्ये मी माणसांचे तुकडे बघत आले. माणूस सहसा दिसत नाही. नाव, वय आणि फॉर्मवर कुणीतरी घाईत खरडलेली एक ओळ, एवढीच आमची ओळख.

एक गृहस्थ मात्र रिपोर्ट न्यायला थेट माझ्या खोलीपर्यंत आले. राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात. दिवसाला दहा-बारा वेळा शौचाला जावं लागायचं, रक्त, आव, आणि घाई अशी की दोन मिनिटं धीर धरता येत नाही. लोकलच्या डब्यात संडास नसतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर विचार करायची वेळ आपल्यावर येत नाही. त्यांच्यावर रोज येत होती. डोंबिवलीपासून सीएसएमटीपर्यंत कुठल्या स्टेशनात संडास कुठल्या टोकाला आहे, कुठला सकाळी धुतलेला मिळतो, कुठल्याला कुलूप असतं, हे त्यांनी मला पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. फास्ट गाडी ते घेतच नसत, कारण फास्ट गाडी मधली स्टेशनं गाळते. त्याआधी दोन वर्षं त्यांच्यावर मूळव्याधीचे आणि अमिबाचे उपचार चालले होते.

रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, जंतू कुठला निघाला?"

मी म्हटलं, "जंतू नाही निघाला."

"मग हे करतंय कोण?"

आजचं माझं बोलणं म्हणजे ह्या प्रश्नाला दिलेलं लांबलेलं उत्तर आहे. तेव्हा मी त्यांना एका वाक्यात सांगितलं होतं, "तुमच्याच पांढऱ्या पेशी करतायत." ते माझ्याकडे बघतच राहिले. घरच्याच कुणीतरी चोरी केली असं सांगितल्यावर माणूस बघतो तसे.

आधी नावं निस्तरून घेऊ, कारण त्यात फार घोळ होतो. आयबीएस आणि आयबीडी हे दोन वेगळे आजार आहेत. आयबीएसमध्ये पोट दुखतं, बिघडतं, माणूस वैतागतो, पण माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं आतडं धडधाकट दिसतं. आयबीडीमध्ये आतड्याला खरोखर जखमा असतात. त्यातले मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात राहतो, गुदाशयापासून वर सलग चढत जातो आणि आतलं अस्तरच पोखरतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधला भाग चांगला सोडून उड्या मारत जातो आणि आतड्याची अख्खी भिंत आरपार धरतो. लहान आतड्याचं शेवटचं टोक ही त्याची आवडती जागा. पहिल्याचं नाव १८५९ साली लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांच्या लिखाणात येतं. दुसऱ्याचं १९३२ साली न्यूयॉर्कच्या तिघा डॉक्टरांनी मिळून वर्णन केलं, क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर. आडनावांच्या वर्णक्रमात क्रोन पहिले आले म्हणून आजार त्यांच्या नावावर चढला. गिन्झबर्गना काय वाटलं असेल कोण जाणे.

हा श्रीमंत देशांचा आजार, आपल्याकडे होत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. ते चूक निघालं. पंजाबात घरोघरी जाऊन केलेली एक पाहणी २००३ साली छापून आली, तीत लाखात सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस सापडला होता. म्हणजे तो होता, आपण त्याला आमांश, संग्रहणी, मूळव्याध अशा नावांनी हाक मारत होतो.

आता भिंत बघू. तुमच्या आतड्याच्या पोकळीत आणि तुमच्या रक्तात अंतर किती असेल? एका पेशीचं. खरंच एका पेशीची जाडी. ह्या अस्तराची सगळी घडी उलगडून पसरली तर तीसेक चौरस मीटर भरेल. मुंबईच्या हिशेबात सांगायचं तर वन रूम किचन. आणि ह्या एका पेशीच्या पडद्यापलीकडे जिवाणू किती, तर अंदाजे ३८ लाख कोटी, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्या शरीरात आपल्या स्वतःच्या पेशी जेवढ्या, साधारण तेवढेच हे बिऱ्हाडकरू.

पडदा पातळ, पण उघडा नाही. मोठ्या आतड्यात त्यावर चिकट शेंबडासारख्या श्लेष्माचे दोन थर असतात. २००८ साली स्वीडनच्या संशोधकांनी उंदरात दाखवलं की बाहेरच्या थरात जिवाणू खुशाल राहतात, आतल्या थरात एकही नसतो. म्हणजे अंगण आणि उंबरा. त्याशिवाय आयजीए नावाचं प्रतिपिंड आतडं रोज काही ग्रॅम ओततं, ते जिवाणूंना गुंडाळून लांब ठेवतं. अस्तराच्या पेशीही दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात. तुम्ही गेल्या शनिवारी जे आतडं घेऊन बसला होतात ते आज तुमच्याकडे नाही.

आणि ह्या पडद्याच्या लगेच मागे शरीरातली सगळ्यात मोठी फौज बसलेली आहे. आपल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा हिस्सा आतड्यातच असतो. आता विचार करा. हत्यारबंद फौज, पातळ पडदा, आणि पलीकडे अब्जावधी परके. ह्या फौजेने रोज काय करायला हवं?

लढायला हवं, असं आपल्याला वाटतं. पण ती रोज लढली तर आतडं एक आठवडा टिकणार नाही. तिचं खरं काम आहे सोसणं. पुस्तकात सहनशीलता म्हणतात, मला सोसणं हा शब्द बरा वाटतो, कारण त्यात कष्ट आहेत. सोसणं म्हणजे झोपणं नव्हे. त्या पेशी जाग्या असतात, बघत असतात आणि हात उचलत नाहीत.

आता तुम्हाला माझ्या टेबलाशी घेऊन जाते. काचपट्टीवर निरोगी मोठ्या आतड्याचा काप आहे, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला. त्यात अस्तराच्या नळ्या असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या स्टँडमध्ये उभ्या कराव्यात तशा एकाशेजारी एक, सरळ, सारख्या उंचीच्या. नळ्यांच्या मधल्या जागेत पेशी विखुरलेल्या. त्यात प्लाझ्मा पेशी ओळखायला सोप्या, त्यांचं केंद्रक घड्याळाच्या तबकडीसारखं दिसतं. ह्याच आयजीए बनवतात. निरोगी आतड्यात त्या वरच्या बाजूला जास्त, तळाशी कमी.

डोंबिवलीच्या गृहस्थांच्या कापात काय होतं? नळ्या वेड्यावाकड्या. एकीला दोन फाटे फुटलेले, एक खुजी, एक आडवी पडलेली. प्लाझ्मा पेशी थेट तळापर्यंत दाटलेल्या. ही तळाची दाटी आमच्यासाठी मोठी खूण असते, कारण साध्या जुलाबात, म्हणजे आठ दिवसांच्या जंतुसंसर्गात, नळ्या वाकायला वेळच मिळत नाही. नळ्या वाकल्या म्हणजे भांडण जुनं आहे. आणि काही नळ्यांच्या आत न्यूट्रोफिलचा गोळा, ज्याला आम्ही क्रिप्ट अॅब्सेस म्हणतो. न्यूट्रोफिल म्हणजे पू करणाऱ्या पेशी. रक्तात हिंडणं हे त्यांचं काम, नळीत त्यांना काहीच काम नसतं. पोलिसांची गाडी चाळीच्या गॅलरीत उभी दिसावी तसं ते दृश्य असतं. काहीतरी बिनसल्याशिवाय ती तिथे येत नाही.

ह्या न्यूट्रोफिलचा एक फायदा सांगते. त्यांच्या पोटात कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं. त्या आतड्यात मरतात तेव्हा ते शौचावाटे बाहेर पडतं, आणि बरेच दिवस न सडता टिकतं. म्हणून आता शौचाच्या चमचाभर नमुन्यावरून आत आग आहे की नुसताच आयबीएस आहे ह्याचा चांगला अंदाज येतो. जंतुसंसर्गातही ते वाढतं, त्यामुळे ते एकटं निकाल देत नाही. पण दर वेळी दुर्बीण घालून घेण्यापेक्षा डबी भरून देणं केव्हाही सोपं. लोकांना डबी द्यायची लाज वाटते. वाटू नये.

ह्या भक्षक पेशींचा शोध आणि आपलं परळ ह्यांचा एक धागा आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकोव हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रकिनारी बिऱ्हाड करून होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. हा घरी एकटा. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत त्याने गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केलेली. शरीराचं संरक्षण करायला पेशी धावतात, ही कल्पना तिथून आली. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढे मुंबईला आला. वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली आपल्याकडे प्लेग आला, हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली ती हाफकिन इन्स्टिट्यूट तुम्ही बसमधून रोज बघता. मेचनिकोवचा उतारवयातला छंद असा की मोठं आतडं हे विषाचं कोठार आहे, ते नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटे, आणि उपाय म्हणून तो रोज आंबवलेलं दूध पीत असे. पेशींचा पहिला वाचक, पण आतड्यावर त्याचा विश्वास नव्हता.

त्याने पाहिलेल्या मोठ्या भक्षक पेशींना आपण मॅक्रोफेज म्हणतो. आतड्यातल्या मॅक्रोफेज मोठ्या विचित्र असतात. पडदा ओलांडून कुणी जिवाणू आला तर त्या त्याला गिळतात, पचवतात, आणि गप्प बसतात. शरीरात इतरत्र मॅक्रोफेजने जिवाणू गिळला की ती आरडाओरडा करते, टीएनएफसारखी रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावते. आतड्यातली बोलावत नाही. हा गप्पपणा तिला शिकावा लागतो. ती रक्तातून मोनोसाइट म्हणून येते तेव्हा नवशिकी आणि तापट असते, आतड्यात काही दिवस राहिली की तिथल्या रसायनांच्या संगतीत निवळते. आयबीडीमध्ये नेमकी ही शाळा बंद पडते. रक्तातून नव्या मोनोसाइटांचे लोंढे येतात, त्या निवळतच नाहीत. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-२३ अशी रसायनं सोडत राहतात, त्याने आणखी लोंढे येतात.

दुसरी मंडळी डेंड्रायटिक पेशींची. ह्या खबरे. आतड्यातला ऐवज चाखून त्या जवळच्या लसीका गाठीत जातात आणि टी-पेशींना दाखवतात. हे बघ, हे रोजचं जेवण आहे. हे बघ, हा नेहमीचा जिवाणू आहे. आणि जाता जाता टी-पेशीवर पत्ता लिहितात. अगदी खरा पत्ता. जीवनसत्त्व अ पासून त्या एक रसायन बनवतात, त्याच्या प्रभावाने टी-पेशीच्या अंगावर अल्फा-४-बीटा-७ नावाचा रेणू उगवतो. आतड्याच्या रक्तवाहिन्यांत त्याची जोडी बसेल असं कुलूप असतं. परळचा पिनकोड लिहिलेलं पाकीट जसं परळच्याच पोस्टात उतरतं, तशी ही टी-पेशी रक्तातून शरीरभर फिरली तरी आतड्यातच उतरते. ह्या पिनकोडावर हात ठेवणारं वेडोलिझुमॅब हे औषध २०१४ पासून वापरात आहे. टी-पेशी रक्तात फिरत राहते, आतड्यात उतरू शकत नाही. बाकी शरीराच्या संरक्षणाला फारसा धक्का लागत नाही, म्हणून मला ते औषध सगळ्यांत सुबक वाटतं.

आता टी-पेशी. इथे मी थोडी रेंगाळणार आहे. टी-पेशींत भांडखोर जाती आहेत तशा आवरणाऱ्याही आहेत, नियामक टी-पेशी. त्यांच्यावर दीर्घकाळ कुणाचा विश्वासच नव्हता. १९९३ साली फिओना पाउरी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. स्वतःच्या टी-पेशी नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना निरोगी उंदराच्या टी-पेशी दिल्या, पण त्यातला एकच गट निवडून, अननुभवी पेशींचा. काही आठवड्यांत ते उंदीर वाळले, त्यांचं मोठं आतडं सुजून जाड झालं. मग त्याच पेशींबरोबर दुसरा गटही दिला. काही झालं नाही. पेशी त्याच निरोगी उंदराच्या, बाहेरून कुठला रोग आणलेला नाही. म्हणजे भांडणारे प्रत्येक निरोगी शरीरात असतातच, त्यांना धरून ठेवणारे बरोबर असतात म्हणून आपण बरे असतो. त्या आवरणाऱ्या पेशींवरच्या मूलभूत कामासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल.

त्याच १९९३ साली दुसरा धक्का बसला. इंटरल्यूकिन-१० हे शांत करणारं रसायन बनवू न शकणारे उंदीर जर्मनीत तयार केले, त्यांना आपोआप आतड्याचा दाह झाला. मग तेच उंदीर संपूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले, तर दाह झाला नाही. म्हणजे भांडायला पलीकडे कुणीतरी लागतं. जिवाणू हवेत आणि लगाम तुटलेला हवा. आणि हे उंदरांपुरतं नाही. २००९ साली काही तान्ह्या बाळांत हाच लगाम जन्मतः तुटलेला सापडला. इंटरल्यूकिन-१० चा संदेश घेणारा रेणूच त्यांच्या पेशींवर धड नव्हता. पहिल्या वर्षातच भयंकर कोलायटिस. त्यातल्या एका बाळाला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या, म्हणजे सोप्या भाषेत प्रतिकारपेशींची अख्खी फौज बदलली, आणि आतडं भरून आलं. आतडं जुनंच होतं. दोष फौजेत होता ह्याचा ह्याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

बहुतेक पेशंटमध्ये असा एकच जनुक बिघडलेला नसतो. दोनशेहून अधिक ठिकाणी थोडा थोडा कल असतो. २००१ साली क्रोन्सचा पहिला जनुक सापडला, एनओडी-२, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. भारतीय पेशंटमध्ये ते युरोपीय फेरफार जवळजवळ सापडलेच नाहीत. आजार मात्र तोच. त्यामुळे परदेशातून जनुकांचं पॅकेज मागवून तपासून घेण्याआधी जरा विचारा. सिगारेट, लहानपणीची अँटिबायोटिक, आहार, शहरी राहणी ह्यांचाही वाटा आहे, पण त्यात कुणाचा किती हे सांगणाऱ्याकडे मी संशयानेच बघते.

भांडखोर जातींपैकी टीएच-१७ ह्या टी-पेशीची गोष्ट सांगते, कारण ती आमच्या धंद्याला नम्रता शिकवून गेली. क्रोन्सच्या आतड्यात ह्या पेशी आणि त्यांचं इंटरल्यूकिन-१७ भरपूर. मग ते अडवलं की आजार बरा व्हावा, सरळ हिशेब. सोरायसिस ह्या त्वचेच्या आजारात हा हिशेब उत्तम जमला. क्रोन्समध्ये करून पाहिला, निष्कर्ष २०१२ साली छापून आले. पेशंट बरे तर झाले नाहीतच, औषध घेणाऱ्यांत आजार उलट बळावला. कारण तेच रसायन आतड्याचा पडदा घट्ट ठेवायला आणि बुरशी दूर ठेवायलाही लागतं. ज्याला आपण दंगेखोर समजून उचललं तो रात्री गस्तही घालत होता. ह्याउलट वरची पायरी, म्हणजे इंटरल्यूकिन-२३ अडवणारी औषधं चांगली चालतात. एक पायरी वर औषध, एक पायरी खाली विष. कागदावरच्या बाणांवर फार भरवसा ठेवू नये, हे मी तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगते.

आता माझी चूक सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. एकोणीस वर्षांचा मुलगा, पोटात उजवीकडे दुखणं, ताप, वजन उतरलेलं. लहान आतड्याच्या टोकाचा तुकडा आला. त्यात मॅक्रोफेजचा एक घोळका, ज्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मुंबईत उजव्या कुशीत ग्रॅन्युलोमा म्हटलं की हात आपोआप लिहितो. क्षय. आमच्याकडे मोठ्याने क्षय म्हणत नाहीत, कॉक्स म्हणतात, रॉबर्ट कॉखच्या नावाने, म्हणजे शेजारच्या खाटेवरच्याला कळू नये. औषधाला एकेटी. मी लिहिलं, कॉक्सशी सुसंगत. नऊ महिने एकेटी घेतली त्याने. सुरुवातीला वजनही थोडं वाढलं. मग आतडं अडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि आतड्याचा वीतभर तुकडा एका सकाळी माझ्याच टेबलावर आला. बाहेरून पिवळी चरबी बोटांसारखी आतड्याला वेढून आलेली, भिंत रबरी नळीसारखी कडक, आत सुरीने चिरल्यासारख्या खोल भेगा. क्रोन्स, पुस्तकात छापावा असा.

मी जुनी काचपट्टी शोधून काढली. ग्रॅन्युलोमा एकच, लहान, विस्कळीत. क्षयाचे सहसा मोठे, पुष्कळ, एकमेकांत मिसळलेले, मधोमध पनीरासारखं मेलेलं मांस. ह्यातलं काहीच तिथे नव्हतं. काचपट्टीवर जे नव्हतं ते मी शहराकडे बघून वाचलं होतं. त्या दोन्ही काचपट्ट्या अजून माझ्या कपाटात आहेत, शिकवताना शेजारी शेजारी लावते. माझ्या बचावाला एवढंच म्हणेन की हे दोन आजार आजही भल्याभल्यांना चकवतात. क्षयाचा जंतू दाखवणाऱ्या आम्ल-रोधी रंगात जंतू क्वचितच दिसतात, आणि जीन-एक्सपर्ट ही जंतूचे जनुक शोधणारी चाचणी आतड्याच्या तुकड्यात बरेचदा क्षय असूनही नाही म्हणते. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर अनेकदा आधी एकेटी देऊन बघतात. आता मात्र दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले नसतील तर क्षयाचा नाद सोडतात, नऊ महिने वाट बघत नाहीत.

गंमत अशी, गंमत म्हणवत नाही, की दोन्ही आजारांत तेच टीएनएफ. क्षयात मॅक्रोफेज घोळका करून जंतूला कोंडून ठेवतात, आणि त्या कोंडवाड्याच्या भिंती टीएनएफने सांधलेल्या असतात. क्रोन्समध्ये तेच टीएनएफ आतडं जाळतं. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब आलं आणि ज्यांना स्टेरॉइडशिवाय काही लागू पडत नव्हतं असे लोक उठून कामाला लागले. २००१ साली नोंद आली, हे औषध घेणाऱ्या ७० जणांना क्षय झालेला. वर्षानुवर्षं कोंडलेला जंतू भिंत पडल्याबरोबर बाहेर आला. आणि त्यातले ६४ अशा देशांतले, जिथे क्षय शोधावा लागतो. आपल्याकडे लोकलच्या डब्यात किती जणांच्या फुप्फुसात तो कोंडलेला आहे ह्याचा विचार करा. म्हणून इथे हे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा फोटो, त्वचेची किंवा रक्ताची चाचणी, आणि शंका असेल तर आधी क्षयाची प्रतिबंधक गोळी. ही टाळाटाळ नसते. डॉक्टर तपासण्यांचं बिल वाढवतायत असं घरी जाऊन म्हणू नका. निदान ह्या बाबतीत तरी.

आणि म्हणूनच, दुकानात 'इम्युनिटी बूस्टर' अशी पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. बूस्ट कुणाला करताय? न्यूट्रोफिलला, की नियामक टी-पेशीला? आयबीडीच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असते असं त्याचे नातेवाईक समजतात आणि काढे पाजतात. कोविडच्या काळात तर घरोघरी चाललं होतं. २०२१ साली मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटची नोंद छापली, यकृतावर त्यांच्याच प्रतिकारपेशींनी हल्ला केल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला, तो असू दे. पण ज्याच्या आतड्यात फौज आधीच बेफाम झाली आहे, त्याला आणखी चेव आणणारं औषध द्यावं हा विचार सुचतो कसा?

वेळ झाली असं संयोजक खुणावतायत. प्रश्न घेऊ.

दही? खा की. सोसत असेल तर जरूर खा. मेचनिकोवला आनंद होईल. पण दह्याने आजार बरा होतो म्हणून औषध बंद करू नका.

हो, मागचे काका. नाही, हा संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवलात तरी लागत नाही. आणि लग्नाचं विचारताय तर, मुलगी लग्न करू शकते, तिला मुलं होऊ शकतात. आजार आटोक्यात असताना गर्भ राहिला तर बरं. तिचं औषध शेजारणीच्या सल्ल्याने बंद करू नका, आजार उसळला तर बाळाला त्याचा त्रास जास्त.

तुम्ही, खिडकीपाशी बसलेल्या. सातवा महिना? आणि इन्फ्लिक्सिमॅब चालू आहे. बरं झालं विचारलंत, हे सगळ्यांनीच ऐका. हे औषध शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे जातं आणि जन्मानंतर काही महिने बाळाच्या रक्तात राहतं. बाळ त्याने आजारी पडत नाही. पण आपल्याकडे बाळ जन्मलं की प्रसूतिगृहातच बीसीजी टोचतात, आणि बीसीजी ही क्षयाविरुद्धची, जिवंत जंतूंची लस आहे. मघाशी कोंडवाडा सांगितला ना, तो बांधायला बाळाकडे टीएनएफ नसतं. २०१० साली इंग्लंडातून अशा एका बाळाची नोंद आली, तिसऱ्या महिन्यात बीसीजी दिली आणि ते दगावलं. तेव्हा बाळाची बीसीजी लांबवायची, साधारण सहा महिने तरी, नेमकं किती ते तुमचे पोटाचे डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील. रोटाव्हायरसची लसही जिवंतच असते, तीही विचारूनच. पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंबही जन्मताच देतात, तेही त्यांना विचारा. बाकीच्या निर्जीव लशी वेळेवर द्यायच्या. आणि हे नर्सला तोंडी सांगून भागणार नाही, ड्यूटी बदलते. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या, एक कागद पाळण्याला बांधा, आणि त्या दिवशी सासूबाईंना बाळाजवळ बसवा.

तुमच्या सासूबाई शेजारीच आहेत वाटतं. ऐकलंत ना आजी? बाळाला कुणी सुई घेऊन आलं की आधी विचारायचं, कसली आहे.